शुक्रवारचं लॅटिन

वर्गात शिकवलेलं माणूस विसरतो, पण वर्गात झालेला हशा मात्र साठत जातो. माझी बायको, विद्या, दापोड्याला मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. शुक्रवारी तिथले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद; म्हणून वर्ग शुक्रवारी. मी तिला घरी न्यायला यायचो आणि मागच्या बाकावर मोबाइल बघत बसायचो. कानावर जे पडलं, तेवढंच आता माझ्याकडे आहे.

*

शब्दांत लपलेले लॅटिन आकडे हा तिचा लाडका विषय. "सप्टेंबर म्हणजे सातवा, ऑक्टोबर आठवा, डिसेंबर दहावा. कारण रोमन लोकांचं वर्ष आधी मार्चमध्ये सुरू व्हायचं."

अंजूरच्या पुष्पाकाकूंच्या शेतावर गोदामं उठलेली. गोदामवाल्यांशी इंग्रजीत बोलता यावं म्हणून त्या यायच्या. ताडकन म्हणाल्या, "म्हंजी त्यांचा पन पाडवाच व्हता की! मंग जानेवारीचं खूळ कोनी काढलं?"

विद्याकडे उत्तर होतं. हसण्यात ते राहूनच गेलं.

*

"बाय म्हणजे दोन, म्हणून बायसिकल. ट्राय म्हणजे तीन, म्हणून ट्रायसिकल."

लूम दुरुस्त करणारे सलीमभाई लगेच म्हणाले, "फिर रिक्षा को ट्रायसिकल क्यों नहीं बोलते?"

"बोलून तं बघ," पुष्पाकाकू म्हणाल्या. "रिक्षावाला कशेलीच्या पुलावरच उतरवंल तुला!"

*

एकदा फळ्यावर शब्द होता डेसिमेट. विद्या सांगत होती, "डेसेम म्हणजे दहा. रोमन फौजेतल्या तुकडीनं पळ काढला, तर चिठ्ठ्या टाकून दहांतला एक मारायचे."

"मारता कौन था?" सलीमभाईंनी विचारलं.

"उरलेले नऊ."

सलीमभाईंनी फळ्यावरच्या शब्दाकडे बोट दाखवलं. "तो मॅडम, ये लफ़्ज़ नौ पे बनना चाहिए था."

त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. घरी येताना विद्या एवढंच म्हणाली, "माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं." तेव्हा तिचे रिपोर्ट यायचे होते.

*

विद्या गेल्यावर एका शुक्रवारी मी वर्गाच्या खोलीला कुलूप लावायला गेलो. बघतो तर सगळे येऊन बसलेले! म्हटलं, "वर्ग बंद करतोय. मी काही शिक्षक नाही, गोदामात बिलं करणारा माणूस."

सलीमभाई उठले. "वोट कर लेते हैं. क्लास चालू रहे, और सर पढ़ाएँ. हाथ ऊपर!"

सगळे हात वर गेले. माझा सोडून.

"युनॅनिमस!" मागून कुणीतरी ओरडलं.

"न्हाय," पुष्पाकाकू म्हणाल्या. "युनस म्हंजी एक, ॲनिमस म्हंजी मन. मॅडमनीच शिकवलंय. हितं एक हात खाली हाय."

"तो बैठते हैं," सलीमभाई म्हणाले, आणि बसले.

बाहेर कंटेनरवाल्यांचे हॉर्न चालू होते. आत कुणी हलेना. मी तसाच उभा, हातात कुलूप.

"ते खाली ठेवा आदी," काकू म्हणाल्या. "हात मोकला तं होऊ द्या!"