गोणपाटवाल्याची साक्ष

आमचे सर लोखंडी कपाट एका हाताने उचलून धरत आणि दुसऱ्या हाताने त्याखालचा केर काढत. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या त्यांच्या ऑफिसात मी ज्युनिअर म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि हातातली फाइल खाली पडली. "लहानपणापासून आहे. वकिलीत काही उपयोग नाही त्याचा," एवढंच ते म्हणाले.

उपयोग दुसरीकडे होत होता. अंबरनाथला टेम्पो उलटला तेव्हा तोंडाला गोणपाट बांधलेल्या कोणा माणसाने तो एकट्याने उचलून ड्रायव्हरला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या कॉलरवर तागाचे धागे होते. खालचे कापडवाले सिंधी शेठ हात जोडून म्हणाले, "साईं, ये गोणपाटवाला तो भगवान का आदमी है." सर गालातल्या गालात हसले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कोर्टात मात्र हाच माणूस कमालीचा सावध. उलटतपासणीत त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे: "तुम्ही पाहिलंत, की पाहिल्यासारखं वाटलं?" साक्षीदार चाचरला की स्वारी खूश. बाररूममध्ये मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवत असे.

मग दिनेशची केस आली. बदलापूर गावातला, भिंती रंगवणारा पोरगा. बेलवलीत एका बाईची पर्स हिसकावल्याचा आरोप, जामिनावर सुटलेला. उजवा हात कोपरातून मोडून वाकडा जुळलेला. सरांसमोर बसून तो सांगू लागला, "चोर पुढं पलत होता, मी त्याच्या मागं. त्यानं पर्स टाकली, ती मी उचलली. वरडत होतो, पुढच्याला धरा. त्या गोणपाटवाल्यानं माझाच हात पिरगालला."

सरांचं लिहिणं थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. त्यांनी वकीलपत्रावर सही केली, पण सही नेहमीसारखी आली नाही.

तीन तारखा ते जीव तोडून लढले. पोलिसांच्या साक्षीदाराला त्यांनी पार घोळात घेतलं. प्रत्येक तारखेला म्हणायचे तेच मी तिसऱ्या तारखेनंतरही म्हणाले, "सर, गप्प राहा. संशयाचा फायदा मिळून सुटेल तो."

"सुटेल. पण गावात चोर म्हणूनच राहील. त्याला कोण घराच्या भिंती रंगवायला बोलावणार?"

"तुम्ही बोललात तर वकिलीची सनद जाईल, तुरुंगात जाल. पुढच्या वेळी टेम्पोखाली कोणी सापडलं तर?"

"मी किती लोकांना वाचवलं म्हणजे एकाचा हात मोडायची मुभा मिळते, हे मीच ठरवायचं का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा थकलेला मी कधी ऐकला नव्हता.

आपण लढवत असलेल्या केसमध्ये वकिलाला साक्ष देता येत नाही. त्यांनी वकीलपत्र काढून घेतलं आणि माझं दाखल करवलं. पुढच्या तारखेला कोट आणि बँड घरी ठेवून आले, साध्या शर्टात बाहेरच्या बाकावर लोकांमध्ये बसून राहिले. शिपायाने पुकारा केल्यावर पिंजऱ्यात उभे राहिले. न्यायाधीशांनी सावध केलं, की स्वतःला अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती नाही. त्यांनी मान झुकवून आभार मानले.

माझ्या आयुष्यातली पहिली सरतपासणी मी माझ्या सरांची घेतली.

"आरोपी काय ओरडत होता?"

"पुढच्याला धरा."

"तुम्ही ते ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं. मला ते नाटक वाटलं. हात मी मोडला."

मला रडू आवरत नव्हतं, तरी पुढचा प्रश्न विचारावा लागला.

दिनेश निर्दोष सुटला. सरांनी स्वतःच्या खटल्यात गुन्हा कबूल केला. सनद गेली, शिक्षा झाली. त्यांना नेत असताना दिनेश व्हरांड्यात उभा होता. सर त्याच्यासमोर थांबले आणि त्यांनी हात जोडले. दिनेश रागावला नाही. फक्त म्हणाला, "साहेब, पहिल्याच दिशी का नाय बोललात?"

मग दिनेशने माझ्याकडे पाहिलं. मलाही पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मी तीन तारखा त्यांना गप्प राहायला सांगत होते.