ताईची फुंकर

काल कपाट आवरताना व्हिडिओ गेमची जुनी पिवळी कॅसेट सापडली आणि नकळत मी तिच्यात फुंकर मारली. लहानपणी टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या की ताई म्हणायची, "आण इकडे, तुझ्या फुंकरीत दम नाही." ती फुंकायची आणि गेम सुरू व्हायचा. तो बनवणाऱ्याचं नाव शेवटच्या लेव्हलनंतर येत असावं. आम्ही तिथवर कधी पोचलोच नाही. त्यामुळे मला तो गेम ताईचाच वाटायचा, आणि खरं सांगू, अजूनही वाटतो.

ताईला फोन लावून हे सांगितलं. ती हसली. "अगं, फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की चालायची."

"मग फुंकायचीस कशाला?"

"तू हात जोडून बसायचीस ना, म्हणून."