जीन्सच्या कतरणीतलं गरम पाणी

आमचा तांब्याचा बंब दादाने लाटला, हे मी आजही सांगतो. बुवापाड्यातलं एकत्र घर सोडून मी बेलवलीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा वाटणीत बंब माझ्याकडे येणार होता. सामान न्यायच्या दिवशी मी बाहेर टेम्पोवाल्याशी भाड्यावरून भांडत होतो. भाडं उतरवून मोठ्या ऐटीत आत आलो, तर बंब दादाच्या मोरीत धुमसत होता.

"आत्ताच पेटवलाय," दादा म्हणाला. "पेटता बंब टेम्पोत कसा घालणार?"

बंब गेला ते एक वेळ सोसलं असतं. पण थंडी पडली आणि आईही तिकडेच अडकली. सकाळी गरम पाणी पडल्याशिवाय तिचे गुडघे हलत नसत. "हिवाळ्यात आई माझ्याकडे. तुझ्याकडे बंब कुठाय?" असं दादा विचारायचा, जणू तो मीच हरवला होता.

मला आई हवी होती, आणि तीही हिवाळ्यातच. पण पाणी तापवायचं कशावर? सगळ्या भाडेकरूंना मिळून एकच मीटर, म्हणून घरमालकाने विजेचा रॉड बंद केलेला. रेशनचं रॉकेल स्वयंपाकालाच अपुरं. फुकट होतं ते फक्त ऊन. मी तेलाचा गोल डबा आणला, बाहेरून काळा रंग फासला, पाणी भरून पत्र्यावर ठेवला. संध्याकाळी आत बोट घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मग डबा तसाच वर ठेवून सकाळी बायकोला रुबाबात म्हणालो, "पहिली अंघोळ तुझी."

पहिल्याच तांब्याला ती किंचाळली.

"अहो, तुम्ही उशिरा येता म्हणून मी भाताचं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवते. डबा रात्रभर उघड्यावर! तुम्ही झोपला असता का तिथे?"

मी भडकलो, पण बोलणं बिनतोड होतं. मात्र घरात गोधड्या दोनच, आणि दोन्हींत आम्ही.

तेव्हा मी उल्हासनगरला पँटी शिवणाऱ्या कारखान्यांना बटणं आणि चेनी पुरवायचो. एका गाळ्याच्या दारात जीन्सच्या कतरणीचा ढीग कायम पडलेला असायचा. मी तिथल्या सिंधी शेठला विचारलं, "साईं, ये कचरा उठा लूँ?"

"ले जा. पर करेगा क्या?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "पानी गरम रखूँगा," मी म्हणालो.

"तो फिर कचरा कैसे हुआ? माल हुआ ना!"

अर्धा तास भांडलो. शेवटी डझनभर चेनी मोजून दिल्या तेव्हा दोन पोती मिळाली. स्वतःच्या तोंडाने कचऱ्याचा भाव वाढवणारा दुसरा कोणी मला अजून भेटलेला नाही.

लाकडी खोक्यात खाली आणि बाजूंनी कतरण ठासली. संध्याकाळी डबा खाली उतरवून त्यात बसवायचा आणि वरूनही कतरण दाबायची. सकाळी पाणी चांगलं गरम निघालं. एकच खोट होती. झाकण म्हणून ठेवलेली ताटली सरकायची आणि अंघोळीच्या पाण्यात निळे दोरे तरंगायचे.

आईला घेऊन आलो. दादा म्हणाला, "चार दिवसांत परत आणशील."

पाचव्या दिवशी सकाळी तोच आला. आई नळावरून कळशी घेऊन येताना दिसली, तसा तो दारातच थबकला. मग खोक्यातल्या पाण्याने स्वतः अंघोळ केली आणि कानातला निळा दोरा काढत बाहेर आला.

"लाकडं नाहीत?"

"नाहीत."

"रॉकेल?"

"थेंब नाही."

त्याने खोक्यात हात घालून कतरण चाचपली. "असं कर. बंब तू घेऊन जा, आईला माझ्याबरोबर पाठव."

मी तोंड उघडण्याआधी आई आतून म्हणाली, "मला बंबाशी तोलता का रे? मी इथेच राहणार. इथे डोळ्यांत धूर जात नाही."

"ऐकलंस?" मी म्हणालो. "बंब राहू दे तुझ्याकडेच. फक्त त्याचं झाकण दे."

एवढ्यावर सुटलो म्हणून दादा इतका खूश झाला, की दुसऱ्याच दिवशी झाकण स्वतः आणून दिलं. धुराड्यासाठीच्या भोकात बूच मारल्यावर डब्यावर ते छान बसलं, आणि आई सबंध हिवाळा माझ्याकडे राहिली. झाकण नसलेला बंब किती लाकडं खातो, ते दादाने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पण बंब त्याने लाटला तो लाटलाच.