फळ्यावरच्या चिठ्ठ्या

भोरमध्ये घरी बसून मी गेली काही वर्षं एका कंपनीच्या डिजिटल फळ्याचं डिझाइन करते. बैठकीतले सगळे आपापल्या मोबाईलवरून त्या फळ्यावर चिठ्ठ्या चिकटवतात. अलीकडे त्यात एआयचा मदतनीस घालायचं काम माझ्याकडे आलं. एक बटण दाबलं की त्यानं चिठ्ठ्यांचे गट पाडायचे आणि खाली सारांश लिहायचा. भाषा नेटकी, कार्यालयीन हवी, हे मीच ठरवलं होतं.

खऱ्या माणसांसमोर ते चालवून बघायचं होतं. माझी वहिनी मार्गासनीला अंगणवाडी सेविका आहे. तिनं मुख्यसेविकांना विचारलं आणि सेविकांच्या वेल्ह्यातल्या, दिवाळीनंतरच्या मासिक बैठकीत मला अर्धा तास मिळाला. नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला पोचले तेव्हाच पाठ भरून आली होती.

प्रोजेक्टरनं भिंतीवर फळा लावला. 'तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?' एवढंच विचारलं. बायका मोबाईल तोंडाशी धरून बोलू लागल्या नि भिंतीवर चिठ्ठ्या उमटू लागल्या. वजनकाटा बिघडलाय. छप्पर गळतंय. मी बटण दाबलं. पसारा आवरून चार गट झाले, सारांश आला. मुख्यसेविका खूश झाल्या. त्यांनी लगेच फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला.

मागून एक वयस्कर सेविका उठल्या. गुंजवण्याकडच्या. सारांशातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये कुनी लिवलंय?"

ओळ होती, 'मुलांच्या उपस्थितीबाबत पालकांमध्ये जागृतीची गरज.'

"तुमच्या चिठ्ठीवरून झालंय ते," मी म्हणाले.

"म्या आसं न्हाई बोलले. म्या म्हनलं, तीन पोरं येत न्हाईत, आय-बाप त्यांना घिऊन वीटभट्टीवर गेल्यात. जागृती कुनाला करू ताई? घराला कुलूप हाय."

मी चिठ्ठी शोधून मोठी करून दाखवली. पण फोटो गेला होता.

ऑफिसच्या ऑनलाइन बैठकीत मी म्हटलं, लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय मदतनीसानं शब्द बदलू नयेत. आमचे प्रमुख भला माणूस. म्हणाले, "विचारत बसला तर त्याचा उपयोग काय? लोकांना आटोपशीर हवंय." मग बैठकांवर बैठका. एकच स्क्रीन मी इतक्यांदा काढली, की शेवटी कुठली कशासाठी काढली होती तेच आठवेना. आपण बरोबर बोलतोय हे माहीत असूनही बोलायचा कंटाळा यायला लागला. अखेर तडजोड झाली. शब्द बदलणार, पण सारांशातली ओळ दाबली की मूळ चिठ्ठी दिसणार. मी मान डोलावली. भांडायला अंगात काही उरलं नव्हतं.

ते दाखवायला पुन्हा वेल्ह्याला गेले. त्या बाईंनी ओळ दाबली. त्यांचे शब्द जसेच्या तसे आले. त्यांनी ते हळूहळू वाचले.

"ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "पन साहेब दाबून बघत्याल का?"

मी विचारलं, "त्या पोरांचं काय झालं?"

"भट्टीजवळच्या अंगनवाडीतल्या बाईंचा नंबर काढला. दोन-तीनदा फोन केला. आता तिकडं जात्यात तिगंबी. खाऊबी मिळतुया." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी लई दमल्यावानी दिसताय. च्या घ्या जरा."

चहा घेतला. परतीच्या एसटीत ऑफिसचा निरोप आला. आता कुणी काही लिहायच्या आधीच मदतनीसानं चिठ्ठ्या सुचवायच्या होत्या, सोमवारपर्यंत कच्चं चित्र हवं होतं. हे नको, असं लिहायला घेतलं, दोन ओळी झाल्या, मग पुसल्या. 'सोमवारी बोलू' एवढंच पाठवलं आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.