खोलीतून येणारा प्रश्न

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मुलीबरोबर गुरुग्राममध्ये भुताचा एक हिंदी सिनेमा पाहिला. त्यातल्या घरात एक म्हातारा असतो. दार उघडल्याचा आवाज आला की तो आपल्या खोलीतून विचारतो, “कौन आया?” मुलगा बूट काढतो, सून भाजी फ्रिजमध्ये ठेवते, नात फोनवर बोलत निघून जाते. उत्तर कुणी देत नाही. शेवटी उलगडतं, की म्हातारा पहिल्या प्रसंगाआधीच वारलेला आहे.

परतताना कॅबमध्ये मुलगी म्हणाली, “बाबा, मला तर इंटरव्हलच्या आधीच कळलं होतं यार. कुणी उत्तरच देत नाही, म्हणजे मेलेलाच असणार ना. तरी शेवटची दहा मिनिटं तेच समजावत बसले.”

“ते सुरुवातीलाच सांगून टाकायला हवं होतं,” मी म्हणालो. “मग आपण कोडं सोडवत बसलो नसतो. त्या माणसाकडे पाहिलं असतं.”

“अच्छा? मग ट्विस्ट काय राहिला?”

“शेवटी तो जिवंतच निघाला असता, हा.”

ती हसली. “जिवंत माणसाला असं कोण करतं? कुणाला पटणार नाही.”

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

माझ्या वडिलांची नोकरीची बहुतेक वर्षं दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. दोनच खोल्या. येणारा समोर दिसत असला तरी आतल्याने “कोण आलं?” विचारायचं आणि येणाऱ्याने “मी” म्हणायचं, अशी आमच्या घरची रीत होती. आई गेल्यावर ते आमच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. इथे प्रत्येकाकडे आपापली किल्ली, आणि एसीमुळे खोल्यांची दारं लावलेली. तरी कुलूप फिरलं की बंद दारामागून ते विचारत, “कोण आलं?”

सुरुवातीचे काही महिने मी उत्तर दिलं. पण “मी” म्हटलं की पुढचे प्रश्न येत. मेट्रोत बसायला मिळालं का, साहेब काय म्हणाले. मी थकलेला असे. मग मी किल्ली हळू फिरवायला शिकलो. तरीही त्यांनी विचारलंच, तर बूट हातात घेऊन, पावलं न वाजवता माझ्या खोलीत जाई. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात तो प्रश्न बंद झाला. ते तेव्हा आजारी नव्हते. मला हायसं वाटलं होतं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

मुलीची समजूत अशी होती, की माझ्या कानात इअरफोन असत, म्हणून मला आजोबांची हाक ऐकू येत नसे. ती समजूत मी इतकी वर्षं तशीच राहू दिली होती. ती मोडली, तर मुलगी मला कोणत्या नजरेने पाहील याची भीती होती.

सिग्नलला कॅब थांबली तेव्हा मी म्हणालो, “आजोबा विचारायचे ना, ते मला ऐकू यायचं. दर वेळी.”

सिग्नल सुटला, आमच्या सोसायटीचं गेट आलं. लिफ्टमध्ये अकराचं बटण दाबून ती आकड्यांकडे पाहत राहिली.

“मलाही,” ती म्हणाली.

दाराशी तिने किल्ली काढली आणि मुद्दाम जोरात फिरवली. आम्ही आत गेलो आणि चपला न काढता तिथेच उभे राहिलो. वडिलांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.



“मी आलो,” मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.