पाच पानांचा युक्तिवाद

"पाच पानं? अरे, माझं 'सविनय सादर' एवढंच दोन पानांचं असतं!"

वकीलसाहेब माझ्या टाइपरायटरवर मूठ आपटून ओरडत होते. त्यांचा आवाज असा की कोर्टासमोरून निलंग्याची एसटी जात असली तर ड्रायव्हर आपणहून ब्रेक लावायचा.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा. पाट्यांचा रंग वाळला नव्हता. टेकून उभं राहिलं तर पाठीवर अर्धं 'जिल्हा न्यायालय' उमटायचं. त्यात दुष्काळ. तोंडं इतकी कोरडी की कोर्ट फीचं तिकीट चिकटवायला चार माणसांची थुंकी जमा करावी लागायची. कोर्टाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी टायपिंग करायचो आणि वकीलसाहेबांची सगळी कामं माझ्याकडे. ते एकदा युक्तिवाद करायला उभे राहिले की समोरचा वकील घरी जाऊन जेवायचा, झोपायचा, पोरीची सोयरीक ठरवून परत यायचा. तरी साहेब प्रस्तावनेतच.

नव्या जजसाहेबांनी त्या सकाळी यावर औषध काढलं. तोंडी बोलणं बंद. लेखी युक्तिवाद द्या, पाच पानं, एका बाजूला टाइप, दोन ओळींचं अंतर, डावीकडे चार बोटं समास. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत दाखल झाला तर निकाल आठवड्यात. नाहीतर उन्हाळी सुट्टीनंतर.

सुट्टीनंतर म्हणजे काय, ते शेडच्या खांबाला टेकून बसलेल्या मावशीला बरोबर कळलं होतं. चाकूरकडची बाई. सामाईक विहिरीत दर चौथ्या दिवशी तिची पाण्याची पाळी. पुतण्यानं ती बंद केली, तालुक्याच्या कोर्टात तोच जिंकला, म्हणून हे अपील. चाळीस लिंबाची झाडं होती तिची, खालच्या फांद्या आत्ताच वाळायला लागलेल्या.

"सुट्टीपस्तोर ऱ्हात न्हाईत ती," एवढंच बोलली.

साहेबांचा युक्तिवाद अडतीस पानांचा. ते बसले खोडायला. प्रत्येक ओळ खोडताना असे कण्हत होते की शेजारच्या शेडमधल्या स्टॅम्पवाल्यानं धावत येऊन विचारलं, कुणाला विंचू चावला का? अडीच वाजता नऊ पानांवर आले आणि म्हणाले, "आता यातला काना काढला तरी रक्त येईल."

मग मी माझी कला दाखवली. दोन ओळींतलं अंतर जरासं आवळलं. समासासाठी कागदाला घडी घालतो, ती घडी माझी चार बोटं मोजून घातली. आणि माझी बोटं त्या साली बाभळीच्या काट्यासारखी झाली होती. नऊ पानं पाचात बसवली. बसवली म्हणजे कोंबली. अक्षरं नायगावच्या बाजारच्या जीपमधल्या माणसांसारखी एकमेकांच्या मांडीवर.

कोर्टात कागद दाखल करून घेणाऱ्या शिरस्तेदारांनी कागद घेतला, वाचला नाही. समासावर आपली चार बोटं ठेवली. त्यांचं एकेक बोट म्हणजे केळं. तिसऱ्या बोटाखालीच मजकूर सुरू झाला होता.

"हा समास कुणाच्या बोटांचा?"

"माझ्या," मी म्हणालो.

"जनाब, जिल्ह्याचा समास माझ्या बोटांनी ठरतो. आणि ओळी का चेंगरल्यात? परत टाइप करा."

चार वाजले होते.

शेडमध्ये साहेब पुन्हा पेटले. नऊ पानी मसुद्यातली पहिली चार पानं निजामाच्या जमान्यापासून विहिरींचा कायदा कसा आला याची; ती गाळू या, मी म्हणालो. "ती काढली तर अपील नागडं दिसेल!"

"दिसू द्या की, वकीलसाहेब," मावशी म्हणाली. "झाडं बी तशीच उभी हायत. त्यात आमच्या पाळीचं कुठं लिवलंय, तेवढं दावा."

मी शोधलं. आठव्या पानाच्या तळाला, साडेतीन ओळी. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाळ्यांचा कागद झाला होता, त्यावर पुतण्याच्या बापाचा अंगठा होता आणि खालच्या कोर्टानं तो कागद निकालात विचारातच घेतला नव्हता.

साहेबांनी त्या ओळी वाचल्या. चष्मा काढून धोतराला पुसला. पहिली चार पानं स्वतःच बाजूला सारली.  मग हळूच म्हणाले, "नवीन कागद चढव. इथून सुरू कर."

मी शिरस्तेदारांच्या हिशेबानं ऐसपैस घडी घातली. साहेब सांगत गेले, मी बडवत गेलो; टाइपरायटरमधून धूर निघाला, हे मी देवळात उभा राहून सांगेन. साडेचार पानं झाली. पाचला पाच मिनिटं कमी असताना शिरस्तेदारांनी केळी ठेवली, ओळींमधून बघितलं, आणि शिक्का मारला.

आठवड्यानं निकाल लागला. पाळी परत मिळाली, पुतण्याला मनाई झाली. साहेब कोर्टातून शेडमध्ये आले ते बोलतच. मावशीला समोर बसवून त्यांनी अपिलाचं मर्म सांगायला घेतलं: अंगठ्याचं महत्त्व, खालच्या कोर्टाची चूक, मग गाळलेली चार पानं निजामापासून. शेवटी घाम पुसून म्हणाले, "आता कळलं ना मावशी, आपण कशावर जिंकलो ते?"

मावशी उठली. पिशवी काखेत घेतली.

"हाव. उद्या आमची पाळी हाय. चारची गाडी गाठते."