केरीच्या समुद्रावरचा थवा

गेल्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास, केरीच्या किनाऱ्यावर मी ‘थवा!’ असे ओरडलो आणि अकरा माणसांनी होडी पाण्यात ढकलली.

होडी माझ्या मेहुण्याच्या रापणीची होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. आठ दिवस त्यात पुरेसे मासे आले नव्हते. शनिवारपर्यंत हेच चालले तर जाळे गुंडाळायचे आणि होडी मांद्र्याला पर्यटक फिरवायला द्यायची, असे ठरले होते. मेहुण्याला ते नको होते.

मी सर्वणचा, भातशेतीच्या गावचा; मेहुण्याकडे पाहुणा आलेला. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यापासून शेत बघतो. भाताच्या दाण्यात दूध भरू लागले की आमच्याकडे पाच मुनिया दिसल्या तरी ‘थवा’ म्हणून हाक देतात, कारण पाचांमागून पन्नास येतात. हाक ऐकून शेजारी डबे वाजवतात. हाक चुकली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

केरीत हा शब्द गप्पांत वापरत नाहीत. पाखरांच्या थव्याखाली मासे असतात, म्हणून तो कानावर पडला की होडी सुटते. हे मला माहीत नव्हते. मी पाहिले होते समुद्रावरचे आठ-नऊ कुरव पक्षी, सरळ तेरेखोलकडे निघालेले.

जाळे ओढायला दीड तास लागला. त्यात शेवाळ, दोन खेकडे आणि प्लास्टिकची एक चप्पल निघाली.

“भावजी, चप्पल तुमच्या मापाची आसा,” मेहुणा म्हणाला.

रापणीतले सर्वांत वयस्कर काका दोर गुंडाळत होते. “पेपरात आठ पाखरांचो थवो जाता. हय केरीत नाय.”

“मग किती पाहिजेत, काका?”

“मोजू नकात. बुडी मारतत काय, ता बघा. सगळी एकाच जाग्यार बुडतत, तो थवो. वाटेन जातत ती नुसती पाखरां.”

ज्याची हाक खोटी ठरते त्याने पुढची हाक होईपर्यंत टेहळणी करायची, असा तिथला रिवाज आहे. मी सर्वणला फोन करून शेत शेजाऱ्यांवर सोपवले आणि राहिलो. बुधवारी आणि गुरुवारी कुरव दिसले, पण थांबले नाहीत. मी हाक दिली नाही.

शुक्रवारी दुपारी चारनंतर तीसेक कुरव खडकांच्या दक्षिणेला घिरट्या घालू लागले. एक खाली गेला. मेहुणा माझ्याकडे पाहत होता. मग चार-पाच एकदम गेले, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याच जागी पाणी उडाले तेव्हा मी हाक दिली.

होडी सुटली. मीही दोराला लागलो.

अंधार पडायच्या आत जाळे वाळूवर आले. बांगड्यांच्या चौदा टोपल्या भरल्या. दोर ओढणाऱ्याचा वाटा म्हणून मला सहा बांगडे मिळाले.

शनिवारी होडी केरीतच होती.